आपल्या पेठेचं पाणी



स्मरणिकेसाठी लेख मागणारा फोन आला तेव्हा पलीकडून बजावण्यात आलं, "तू चौतीस वर्षं इतिहास शिकवलास, तेव्हा सदाशिव पेठेचा इतिहास तूच लिही. पण पाट्या आणि दुपारची झोप यांवर नको. त्यावर चौघींनी आधीच लेख दिलेत." मी म्हटलं, बरं. लग्न होऊन नागपूरला गेल्यापासून या दोन विषयांवर मी इतकं ऐकून घेतलंय की लिहायची इच्छा उरलेली नाही. तिथे शाळेत रुजू झाले त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारलं, "म्हणजे तुम्ही सदाशिव पेठेतल्या का?" आणि सगळे हसले. मी मात्र गंभीरपणे यादी सांगितली. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आमच्या पेठेत, महाराष्ट्र साहित्य परिषद आमच्या पेठेत, भरत नाट्य मंदिर आमच्या पेठेत, शाळा तर मोजायलाच नकोत. यादी संपली तेव्हा चहा गार झाला होता आणि ऐकणारे तासाला निघून गेले होते.

पुढे कितीतरी वर्षं मी ती यादी तशीच सांगत राहिले. मग हळूहळू लक्षात आलं की यातल्या कशाशीच आपला, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या आपला, फारसा संबंध नव्हता. मंडळात आपण एकदाच गेलो, तेही इतिहासाच्या बाईंनी रांगेत नेलं म्हणून. तिथले मोडी कागद बघून आपल्यापैकी एकीने "यांचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे" असं म्हटलेलं मला आठवतं, आणि बाईंनाही आठवत असेल. आपला रोजचा संबंध होता तो पाण्याशी. नळ, हौद, विहीर, हंडा, कळशी, घंगाळ. म्हणून मी पेठेच्या पाण्याचाच इतिहास लिहायचं ठरवलं. त्यात १९६१ साल येणार, ते टाळता येत नाही.

सुरुवात पेठेच्या नावापासून करते. थोरल्या माधवरावांच्या काळात वसलेल्या या पेठेला नाव मिळालं ते सदाशिवरावभाऊंचं, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांचं. आपण आठवीत होतो तेव्हा पानिपताला बरोबर दोनशे वर्षं पुरी झाली. संक्रांतीच्या सुमारास वर्गात तिळगूळ वाटून झाला आणि बाईंनी पुस्तक मिटून पानिपत सांगितलं. पार्वतीबाईंनी आपला नवरा गेला हे कधी मान्य केलं नाही असं सांगतात, आणि पुढे 'मीच भाऊ' म्हणत एक तोतयाही उभा राहिला, हे त्यांनी सांगितलं तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मग बाई म्हणाल्या, "मुलींनो, तुम्ही रोज पत्त्यात ज्याचं नाव लिहिता ना, तो घरी परत न आलेला माणूस आहे." त्या दिवसापासून कितीतरी दिवस पाकिटावर पत्ता लिहिताना माझा हात किंचित थबकायचा.

त्याच वर्षी, २३ जून १७६१ रोजी, नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. पानिपताचा धक्का त्यांना सोसला नाही. पण पुण्यावर त्यांचं एक मोठं ऋण आहे, ते लढाईतलं नाही. कात्रजच्या घाटाखाली त्यांनी तलाव बांधले आणि जमिनीखालच्या दगडी बांधणीच्या नळातून ते पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, यंत्र नाही. कात्रज उंचावर आणि पेठा खाली, एवढ्या एका उतारावर सगळा हिशेब. मध्ये गाळ बसायला टाक्या, आणि नळात हवा कोंडू नये म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास. वाटेत जागोजाग हौद. पुढे नाना फडणविसांनी आंबेगाव आणि नऱ्ह्याच्या बाजूने आणखी पाणी आणलं, ते आपल्या सदाशिव पेठेच्या हौदात पडायचं. आपल्याकडे 'एखाद्याचं पाणी जोखणं' म्हणतात. त्या काळच्या गवंड्यांनी अक्षरशः तेच केलं होतं.

इंग्रजी अमदानीत, १८७९ साली, खडकवासल्याचं धरण पुरं झालं. त्याच्या कालव्यातून पुण्याला पाणी मिळू लागलं, नळ आले आणि हौदांची किंमत उतरली. आपल्या लहानपणी हौद म्हणजे कपडे धुण्याची नाहीतर म्हशींना पाणी पाजण्याची जागा. पिण्याचं पाणी नळाचं, आणि नळ म्हणजे सुधारणा. आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती आणि चौकात एक नळकोंडाळं. पहाटे नळ आला की पहिली बादली कुणाची यावरून जे वाद होत, त्यांच्यापुढे पेशवाईतली कारस्थानं फिकी पडावीत. विहीरही होती, मागच्या अंगाला, पण ती वापरायच्या पाण्याची. भांडी, कपडे, सडा, तुळस. फक्त आमची आजी देवाच्या पूजेला विहिरीचंच पाणी घ्यायची. नळाचं पाणी कुठून कुठून, कुणाकुणाच्या हातून येतं, म्हणून तिला ते देवाला चालत नसे. पिताना मात्र चालायचं!

विहिरीच्या काठाचे दगड दोराने झिजून त्यांना खोबणी पडल्या होत्या. तो काठ म्हणजे आम्हा चौघींचा अड्डा. चौघी कोण ते वर्गाला ठाऊक आहे, नावं लिहीत नाही. एक खुन्या मुरलीधराजवळ राहायची, शाळेच्या सर्वांत जवळ, म्हणून रोज उशिरा यायची. एक चिमण्या गणपतीकडून यायची आणि गायची. एक नारायण पेठेत, नदीच्या बाजूला राहायची आणि चौघींत तीच खरी धीट. आणि मी. सुट्टीत दुपारी मोठी माणसं झोपली की आम्ही पोहरा सोडायचा खेळ खेळायचो. कुणाचा पोहरा एका दमात वर येतो, ही शर्यत. नारायण पेठवाली नेहमी जिंकायची. माझा दोर हातातून सुटायचा, आणि मग पोहरा काढायला गळ आणायचा, तोही आजी उठायच्या आत. पेरूगेटपाशी दोन पैशांच्या चिंचा घेऊन, त्याच काठावर बसून, पुढे आपण काय होणार ते ठरायचं. त्या चारांपैकी एकही बेत खरा झाला नाही. तरी ठरवताना जी खात्री वाटायची, तशी मला नंतर कशाचीच वाटली नाही.

आता १२ जुलै १९६१. बुधवार. आपण नववीत होतो.

आदल्या दिवसांपासून पाऊस कोसळत होता. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरं व्हायचं होतं आणि त्यात पाणी साठत चाललं होतं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरून ठेवलं, हे आपल्याला नंतर कळलं. सकाळी धरण फुटलं. शाळा भरली होती. वर्गाबाहेर शिक्षकांची कुजबुज सुरू झाली, आणि थोड्याच वेळात सुटीची घंटा झाली. वेळ नसताना घंटा झाली म्हणून आपण टाळ्या पिटल्या. ती टाळी अजून माझ्या कानात आहे.

त्या दिवशी वर्गशिक्षिका बाईंनी एक गोष्ट केली, ती आज या निमित्ताने लिहून ठेवते. दारात उभ्या राहून त्यांनी एकेकीला पत्ता विचारला. सदाशिव, शुक्रवार, टिळक रोड, त्या सरळ घरी जा. नारायण, शनिवार, नदीकाठच्या कुणीही घरी जायचं नाही. वरच्या पेठेतल्या मैत्रिणीबरोबर तिच्या घरी जायचं आणि तिथेच थांबायचं. नारायण पेठवाली म्हणाली, "बाई, आई घरी एकटी आहे." बाई म्हणाल्या, "म्हणूनच. तुला शोधायला तिला पाण्यात उतरायला लावू नकोस." आणि तिचा हात त्यांनी माझ्या हातात दिला. बाईंचं वय तेव्हा फार तर सव्वीस-सत्तावीस असेल. एवढी समज त्यांना कुठून आली असेल, याचं मला शिक्षिका झाल्यावर जास्त नवल वाटलं.

दुपारी खडकवासल्याचंही धरण गेलं. मुठेचं पाणी पुलांवरून वाहू लागलं, नदीकाठच्या पेठा आणि डेक्कनची बाजू बुडाली. आमच्या आळीत पाणी आलं नाही, पण लोक आले. ओले, अनवाणी, हाताला लागेल ते घेऊन आलेले. "पर्वतीकडे चला" अशी हाक उठली आणि आम्हीही निघालो. आजीने देव ताम्हणात घेतले, आईने धाकट्याला काखेला मारलं. मी मैत्रिणीचा हात सोडला नव्हता. बाईंनी दिला होता ना!

पर्वतीच्या १०३ पायऱ्या आपण सहलीला मोजत चढायचो. त्या दिवशी कुणी मोजल्या नाहीत. वर माणसंच माणसं, आणि तरी फार आवाज नव्हता. खाली, जिथे आपण ओंकारेश्वर, लकडी पूल, झाडं असं बोट दाखवून ओळखायचो, तिथे मातकट पाण्याचा एकच पट्टा होता. ती एकटक बघत होती. रडली नाही. तिला आपलं घर शोधायचं होतं, आणि ते कुठे शोधायचं याला खूणच उरली नव्हती. पुष्कळ वर्षांनी पानिपत शिकवताना मला अचानक आठवलं, की नानासाहेब याच टेकडीवर, याच पावसाच्या तोंडाशी, दोनशे वर्षं आणि एकोणीस दिवसांपूर्वी गेले. तेव्हा ते मनात आलं नव्हतं. तेव्हा मनात एवढंच होतं, की हिची आई कुठे असेल.

तिचे आईवडील दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाड्यावर आले. शाळेत कुणाकडून तरी पत्ता घेऊन. पाणी चढायला लागलं तसं आई घराला कुलूप लावून, बाजारात निघाल्यासारखी, शेजारणींबरोबर वरच्या बाजूला आली होती. घर मातीच्या भिंतींचं, ते बसलं. दार गेलं, कुलूप गेलं. किल्ली आईच्या कमरेला होती. ती पुढेही कमरेलाच राहिली.

खरा पेठेचा इतिहास, मला वाटतं, त्यानंतरच्या दिवसांत घडला. धरण गेलं म्हणजे कालवा कोरडा, आणि कालवा कोरडा म्हणजे नळ कोरडे. सगळं शहर पुरात भिजलेलं आणि प्यायला पाणी नाही. वीजही नव्हती. तेव्हा पुण्याला आठवण झाली ती जुन्या विहिरींची आणि हौदांची. ज्या कात्रजच्या पाण्याला आपण मागास समजत होतो, ते आपल्या उतारावरून वाहतच होतं. त्याला ना धरण फुटल्याचं कळलं होतं, ना वीज गेल्याचं. हौदांवर रांगा लागल्या. वाड्यावाड्यांतल्या विहिरी, ज्यांत आपण पोहरे बुडवायचो, त्या पिण्याच्या झाल्या. पाणी उकळून, तुरटी फिरवून, दुहेरी फडक्याने गाळून घ्यायचं.

शाळेत पूरग्रस्त उतरले होते, त्यामुळे शाळा बंद. आम्ही चौघी आमच्या विहिरीवर. सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत रहाट फिरत असायचा. आमच्या आळीतले, पलीकडच्या बोळातले, शाळेत उतरलेले, सगळे भांडी घेऊन यायचे. नारायण पेठवालीने पहिल्याच दिवशी रहाट ताब्यात घेतला आणि नियम केला. एका माणसाला एक हंडा, लहान मूल असेल तर एक कळशी जास्त. वाड्याच्या मालकांनी दोन हंडे मागितले तेव्हा तिने "आजोबा, मूल कुठे आहे?" असं विचारलं आणि एकच भरून दिला. घर गेलेली ती, आमच्याकडे पाहुणी, आणि तीच सगळ्या आळीला पाणी वाटत होती. खुन्या मुरलीधरवाली त्या दिवसांत रोज वेळेवर आली, तेवढाच काळ. गाणारी रांगेतल्या पोरांना गाणी म्हणून दाखवायची. माझं काम हंडे भरून उतरवून ठेवायचं, कारण दोर माझ्याकडे द्यायला कुणी तयार नव्हतं. तळहाताला फोड आले, ते एकमेकींना दाखवण्यातही मजा होती. हे लिहिताना लाज वाटते, पण लोकांची घरं गेली होती त्या दिवसांत आम्ही सुखात होतो. आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत हे पहिल्यांदाच कळत होतं.

आता जे लिहायचं आहे ते यापूर्वी मी कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या वाड्यात तेव्हा टोपलीचे संडास होते. ते साफ करायला एक मावशी यायच्या, मागच्या बोळातून यायच्या आणि मागच्या बोळातूनच जायच्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या रिकामी घागर घेऊन मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. रांगेत नाही, दाराशी. त्यांची पद्धत ठरलेली होती. आमच्यापैकी कुणीतरी वरून पाणी घालायचं, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. नागरिकशास्त्राच्या पेपरात त्यावर आपण टीप लिहिली होती आणि मला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते.

मी सवयीने कळशी उचलली, वरून घालायला. तेवढ्यात नारायण पेठवाली म्हणाली, "मावशी, तिकडे का उभ्या? रांगेत या ना. आणि मला जरा दोर धरू लागा, हात भरून आलेत." मावशी आजीकडे बघत राहिल्या. आजी पडवीत बसली होती, हातात जपमाळ. रांग गप्प झाली. मीही गप्प. मला वाटत होतं, आजीने काही बोलू नये. आणि मला हेही वाटत होतं, की मैत्रिणीने हे करायला नको होतं, आपलं घर आहे, आता आजी काय म्हणेल. दोन्ही एकदम वाटत होतं. मावशी पुढे आल्या, त्यांनी दोर धरला. दोघींनी मिळून पोहरा वर ओढला. हंडा भरला, मावशींनी घागर भरून घेतली आणि त्या गेल्या, मागच्याच बोळातून. रांग पुढे सरकली. कुणी काही बोललं नाही, आणि कुणी रांग सोडूनही गेलं नाही. तहान होती.

आजीने त्या दिवसापासून देवासाठी पागोळीचं पाणी धरायला सुरुवात केली. आठ दिवस ताम्हणात पावसाचं पाणी. नवव्या दिवशी पाऊस उघडला आणि ती विहिरीवर आली, म्हणाली, "अगो, एक तांब्या दे गो भरून." एवढंच. याला तुम्ही हार म्हणा, तडजोड म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका. आजीवर माझं प्रेम होतं आणि आहे. पण इतिहासाच्या शिक्षिकेने आपल्या घरचं पान फाडून बाकीचा ग्रंथ वाचू नये, असं मला वाटतं.

कारण तो ग्रंथ आपल्या पेठेपुरता नाही. १८६८ साली, याच शहरात, आपल्यापासून चालत थोड्याच अंतरावर, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. बुधवारातला बाहुलीचा हौद आपण येता-जाता पाहिलेला. तो डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या गेलेल्या चिमुरड्या मुलीच्या, काशीबाईच्या, आठवणीत बांधला आणि सर्वांना मोकळा ठेवला. त्यातही पाणी कात्रजचंच. म्हणजे एकाच नळातून येणारं पाणी एका हौदावर सर्वांचं होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं. उतार नानासाहेबांनी काढून दिला होता. वरून घालायचं की दोर हातात द्यायचा, ते मात्र काठावरच्या माणसांनी ठरवायचं होतं. आमच्या काठावर ते नववीतल्या एका मुलीने ठरवलं, जिचं स्वतःचं घर चार दिवसांपूर्वी वाहून गेलं होतं. तिला फुल्यांबद्दल तेव्हा माझ्याइतकंच माहीत होतं, म्हणजे एक टीप. तिचे हात खरोखरच भरून आले होते, एवढंच कारण ती आजही सांगते.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. नळ हळूहळू सुरू झाले. नळाला पहिली धार आली तेव्हा आळीत थाळ्या वाजल्या आणि विहिरीवरची रांग एका दिवसात संपली. पुराची चौकशी नेमली गेली. आधीच्या आयोगाचे न्यायमूर्ती बावडेकर यांनी आत्महत्या केली आणि चौकशी पुढे न्यायमूर्ती नाईकांकडे गेली, हे आपण मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकलं. पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या आणि आमच्या चौघींतली एक गोखलेनगरला राहायला गेली. तिथून ती सायकलवर शाळेत यायची, लकडी पुलावरून, आणि खुन्या मुरलीधरवालीच्या आधी पोहोचायची. पूल ओलांडताना खाली बघत नाही, असं म्हणायची. अकरावीपर्यंत ती अशी आली. मार्च १९६४ मध्ये आपण एस.एस.सी. दिली आणि पांगलो. आडनावं बदलली, गावं बदलली. काहींची पत्रं आली, काहींची आली नाहीत.

आज, पन्नास वर्षांनी, आपण पुन्हा पेठेत जमलो आहोत. आमच्या वाड्याच्या जागी सहा मजली इमारत आहे. विहीर बुजवली, तिच्यावर आता मोटारी लागतात. मी तिथे गेले तेव्हा पहारेकऱ्याने विचारलं, "कुणाकडे?" मी म्हटलं, विहिरीकडे. त्याला वाटलं, बाई चुकल्या. पेठेतल्या बहुतेक विहिरींचं असंच झालं आहे. पुन्हा नळ कोरडे पडले तर रांग लावायला काठच नाहीत.

नागपूरला मी ती यादी आता सांगत नाही. पेठेचा अभिमान कमी झाला म्हणून नव्हे. कुणी विचारलंच तर सांगते, की ज्या पेठेत माझ्या मैत्रिणीने सगळ्या आळीला पाणी पाजलं, त्या पेठेतली मी. मग लोक हसत नाहीत आणि चहाही गार होत नाही.

एक विनंती करून थांबते. सभागृहाबाहेर आपल्या काळच्या पेठेचा हाताने काढलेला मोठा नकाशा टांगला आहे. शेजारी लाल पेन्सिल बांधून ठेवली आहे. तुमच्या वाड्यात विहीर असेल, आळीत हौद असेल, तर तिथे खूण करा आणि शेजारी लिहा, १९६१ मध्ये तिथून कोण पाणी घेऊन गेलं. नकाशा आपण शाळेला देणार आहोत.

पहिली खूण मी केली आहे. शेजारी चौघींची नावं लिहिली. रहाटवालीचं सर्वांत वर, नाहीतर ती खोडून स्वतः लिहील. मग मावशींचं नाव लिहायला गेले आणि पेन्सिल थांबली. त्या माझ्या जन्माआधीपासून वाड्यात येत होत्या, आणि त्यांचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं. मैत्रिणीला विचारलं, तिलाही माहीत नाही. तेवढी जागा मी मोकळी सोडली आहे. आमच्या आळीतल्या कुणाला ते नाव आठवत असेल, तर कृपा करून तिथे लिहा.